खर्जाला जवारी लावताना : घरच्या ध्वनिमुद्रणात बास गिटारचा आवाज

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजेच तिची वारंवारता ४१ हर्ट्झ असते. खिशातल्या मोबाइलचा स्पीकर इतका चिमुकला असतो की दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे फारसे काही त्यातून बाहेरच पडत नाही. असे असूनही चांगल्या ध्वनिमुद्रणातली बासची ओळ त्याच मोबाइलवर स्पष्ट ऐकू येते, गुणगुणताही येते, आणि फसलेल्या ध्वनिमुद्रणातली मात्र पार नाहीशी होते. घरी बास गिटार मुद्रित करायला बसणाऱ्याने आधी हे कोडे सोडवले, तर पुढची बरीच खरेदी टळते, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझा भाचा डोंबिवलीहून दादरला माझ्या खोलीवर आला होता. मित्रांनी मिळून केलेले गाणे त्याने आधी हेडफोनवर ऐकवले, तेव्हा बास नुसती घुमत होती. मग तेच गाणे मोबाइलवर लावले, तर ढोलकी, गिटार आणि गाणारा मुलगा एवढेच उरले. "मामा, बघ ना, स्क्रीनवर बासच्या लाटा केवढ्या मोठ्या दिसतायत, मग ऐकू का येत नाही?" असे तो वैतागून म्हणाला. तोवर त्याची खालचा आवाज फुगवणारी दोन-तीन प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधने) विकत घेऊन झाली होती आणि प्रत्येकाने दुखणे थोडे वाढवलेच होते.

तानपुऱ्याजवळ बसलेल्यांना या प्रश्नाचे उत्तर अर्धे ठाऊक असते. खर्जाची तार छेडली की त्यात कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो आणि त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार एकाच वेळी पूर्ण लांबीनेही हलते आणि अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश भागांमध्येही हलते; त्यामुळे ४१ हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर ८२, १२४, १६५, २०६ अशा त्याच्या पटीतल्या स्वरांची उतरंड तयार होते. त्यातला पाचपट वारंवारतेचा, म्हणजे २०६ हर्ट्झचा स्वर हाच तो गंधार. आपला मेंदू या वरच्या स्वरांमधले सारखे अंतर ओळखतो आणि तळाचा स्वर प्रत्यक्षात कानावर पडला नाही तरी तो मनाशी भरून काढतो. मोबाइलवर बास 'ऐकू' येते ती याच वाटेने. भाच्याच्या ध्वनिमुद्रणात तळ भरपूर होता, पण वरचे स्वयंभू स्वर जवळजवळ नव्हते; म्हणून लाटा मोठ्या दिसत होत्या आणि मोबाइलला त्यातले देण्यासारखे काही सापडत नव्हते.

मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटर या स्टुडिओत राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांसाठी टोनी वाझ बास गिटार वाजवत, तेव्हा ती गाणी लोक ऐकत होते ते तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर. त्या डबीतून ४१ हर्ट्झ निघण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही त्या बासच्या चाली लोकांच्या तोंडी बसल्या.

तेव्हा काम दोन भागांचे आहे. तळाचा भाग स्थिर ठेवायचा, म्हणजे एक सूर दांडगा आणि दुसरा मलूल असे होता कामा नये. आणि वरचे स्वयंभू स्वर तारेपासून स्पीकरपर्यंत जपायचे, कमी पडले तर निर्माण करायचे. तानपुऱ्याची घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून जवारी लावणारा मिरजेचा कारागीर हेच दुसरे काम करत असतो. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक कळ आणि प्रत्येक पेटी या दोहोंपैकी एका कामाला जुंपलेली आहे.

तारा, बोटे आणि पावसाळा

वरचे स्वर पहिल्यांदा हरवतात ते तारेवरच. गोल गुंडाळीच्या तारांच्या खाचांमध्ये घाम आणि मळ साचतो, आणि मुंबईची खारट, दमट हवा त्यात गंजाची भर घालते. तारेची लवचीकता कमी झाली की आधी मरतात ते वरचे स्वर. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नसल्याने जुनी तार वरच्या पडद्यांवर सुरात राहत नाही, आणि तो बेसूरपणा कोणत्याही यंत्राने झाकला जात नाही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की मळ सुटून त्यांना काही दिवस पुन्हा तेज येते, हेही खरे आहे. मात्र त्यासाठी वेगळे पातेले ठेवावे, नाहीतर घरातल्या बाईमाणसाचा जो आवाज मुद्रित होईल त्यात वरचे स्वर भरपूर असतील.

सपाट गुंडाळीच्या तारा मुळातच गोलसर, बुटक्या आवाजाच्या असतात आणि तो आवाजही काही गाण्यांना फार शोभतो. डेट्रॉईटच्या मोटाऊन स्टुडिओत १९६०च्या दशकात जेम्स जेमर्सन अशाच तारा वाजवत; त्या ते क्वचितच बदलत आणि उजव्या हाताच्या केवळ एका तर्जनीने छेडत. हे उदाहरण सांगितले की भाच्यासारखी मुले लगेच न बदललेल्या तारांचे समर्थन करतात. जेमर्सन यांचा एकेक आघात विलक्षण ठाम आणि सारख्या वजनाचा होता, आणि स्वयंभू स्वरांचा मोठा वाटा त्या आघातातून येतो, हे मग वेगळे सांगावे लागते.

बोट कुठे पडते यावरही खूप काही ठरते. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या घोडीजवळ, छेडल्यास आवाज कडक आणि वरच्या स्वरांनी भरलेला येतो, मानेकडे सरकल्यास मऊ आणि खर्जाळ. हेच तत्त्व पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या चुंबकी पट्टीच्या, जागेलाही लागू पडते. लिओ फेंडर यांची १९५१ची प्रिसिजन बास एकाच पिकअपची होती, १९५७मध्ये त्या पिकअपचे दोन तुकडे झाले, आणि १९६०च्या जॅझ बासमध्ये दुसरा पिकअप ब्रिजजवळ आला. त्यामुळे दोन्ही बटणे कमीजास्त करून वादकाला बोट न हलवता हा फरक साधता येऊ लागला. दाट वाद्यमेळात बास ऐकू येत नसेल, तर इक्वलायझरला (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी चार बोटे ब्रिजकडे सरकून पाहावे.

पावसाळ्यात गिटारची मान ओल पिते आणि तिचा बाक बदलतो. तारा पडद्यांपासून जास्त उचलल्या जातात किंवा उलट पडद्यांवर खडखडू लागतात. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक ठरवणारी सळई, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि सवय नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. कानाला घरी चालून गेलेली खडखड पुढे कॉम्प्रेसरमधून (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या साधनातून) गेल्यावर दुप्पट होऊन समोर येते.

वायरीतून आत

आता आवाज विजेच्या रूपात संगणकाकडे निघतो आणि इथे एक अशी चूक होते की जी दिसत नाही, ऐकूही चटकन येत नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो आणि त्याला स्वतःजवळून फारसे काही काढून न घेणारा ग्राहक लागतो. जुन्या चाळीत खालच्या मजल्यावर कोणी नळ पूर्ण सोडला की तिसऱ्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे लगेच समजेल. ऑडिओ इंटरफेसचे, म्हणजे वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीचे, 'लाइन' प्रवेशद्वार साधारण दहा हजार ओहमचे असते, म्हणजे पूर्ण सोडलेला नळ. 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' प्रवेशद्वार साधारण दहा लाख ओहमचे असते, म्हणजे थेंबभर पाणी घेणारा. चुकीच्या भोकात जॅक घातला तर आवाज केवळ लहान होत नाही. वेढ्यांच्या गुणधर्मामुळे वारंवारता वाढेल तसा पिकअपचा स्वतःचा अडथळाही वाढत जातो, त्यामुळे धार आटते ती आधी वरच्या स्वरांची. लहान झालेला आवाज आपण बटण फिरवून मोठा करतो आणि काम झाले असे समजतो. गेलेले वरचे स्वर मात्र परत येत नाहीत.

भाच्याचे नेमके हेच झाले होते. इंटरफेसवरची एक बारीक कळ दाबायची राहून गेली होती.

इंटरफेसला अशी सोय नसेल किंवा मिक्सर दूर असेल, तर मध्ये डीआय बॉक्स लावतात. पिकअपकडून थेंबभर घेऊन पुढे लांब वायरीला पुरेल असा सशक्त संकेत देणे हे त्याचे काम. ज्या बास गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते तिच्यात असा प्रीअँप आधीच बसवलेला असतो, त्यामुळे तिला प्रवेशद्वाराचा एवढा फरक पडत नाही. मात्र अशा गिटारला जॅक लावून ठेवला तर बॅटरी रात्रभर जळत राहते, आणि संपत आलेल्या बॅटरीचा फाटका आवाज पुष्कळदा वायरीचा दोष समजून लोक लॅमिंग्टन रोडवर नवी वायर आणायला जातात. वायरीबद्दल एवढेच की तीन मीटर पुरत असताना दहा मीटरची लावू नये. लांब वायरही वरचे स्वर थोडे खाते.

आवाजाची पातळी ठरवताना सर्वांत जोरदार आघात उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे; शून्य ही इथे यंत्राची कमाल मर्यादा. २४ बिटच्या मुद्रणात खालची खरखर इतकी दूर असते की शून्याला चिकटून मुद्रित करण्यात काही लाभ नाही, आणि शून्याच्या वर गेलेली लाट कायमची छाटली जाते.

पन्नास हर्ट्झचा पाहुणा

आपल्या भिंतींमधली वीज ५० हर्ट्झची आहे. जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर येणारा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा आहे. म्हणजे विजेची गुणगुण आणि बासचा एक नेहमी लागणारा स्वर यांत एकाच हर्ट्झचे अंतर आहे, आणि गुणगुण गाळून काढायला फिल्टर लावला तर तो त्या स्वराचा पायाही घेऊन जातो. त्यामुळे भारतात बास मुद्रित करणाऱ्याने गुणगुण आत येऊच न देण्याची काळजी घेणे भाग आहे.

माझ्या खोलीत हा शोध घ्यायला मला एक आख्खी दुपार लागली. गिटार मांडीवर, आवाज मोठा, बोटे तारांवरून काढलेली. मग एकेक बटण बंद करत गेलो. ट्यूबलाइट बंद केली, थोडा फरक पडला. पंखा चालू होता तो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर तीनवर. तो पूर्ण पाचवर नेताच चिरकी खरखर निम्म्याहून कमी झाली, कारण असे रेग्युलेटर विजेची लाट मधूनच कापून पंख्याचा वेग कमी करतात आणि कापलेल्या कडांमधून दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हर्ट्झचे काटे निघतात. उरलेली गुणगुण लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर गेली. शेवटी गिटारसह खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे वळवली आणि शांतता झाली. तेव्हापासून मुद्रणाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद आणि कपाळावर घाम, अशी आमची रीत आहे.

प्रिसिजन बासच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये एका तुकड्यातली गुणगुण दुसऱ्यातलीला खोडून काढते. जॅझ बासमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडे असतील तेव्हाच ही खोडाखोड नीट होते, एखादा कमी केला की गुणगुण परत डोके वर काढते. तारांना हात लावल्यावर खरखर कमी होणे हे सामान्य आहे. मात्र हाताला झिणझिण्या आल्या तर वाजवणे तिथेच थांबवून घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची युक्ती आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि ती जिवावर बेतू शकते. डीआय बॉक्सवरची 'ग्राउंड लिफ्ट' कळ फक्त संकेताच्या वायरीची जमीन तोडते, त्यामुळे वापरायची असेल तर ती वापरावी.

अँप, माईक आणि दहा बाय बाराची खोली

एकेकाळी बासचा आवाज म्हणजे अँपचा, गिटारचा आवाज मोठा करून स्पीकरला देणाऱ्या यंत्राचा, आवाज असे समीकरण होते. १९६९मध्ये आलेला अँपेगचा एसव्हीटी हा तीनशे वॅटचा व्हॉल्व्हचा अँप आजही अनेकांच्या कानात नमुना म्हणून बसलेला आहे. असा अँप दादरच्या इमारतीत वाजवला तर खालचे जोशीकाका वर येतीलच. खर्जाच्या लाटा विटांच्या भिंतींना फारशा जुमानत नाहीत.

शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला तरी खोलीचा सुटत नाही. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या जवळपास भरते आणि ती दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मावत नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून काही ठरावीक स्वर फुगतात: बारा फुटांच्या बाजूला सुमारे ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या बाजूला सुमारे ५७. परिणामी जी आणि ए यांच्या आसपासचे काही सूर छातीवर येतात, मधलाच एखादा गायब होतो, आणि खुर्ची दोन फूट सरकवली की हिशेब बदलतो. अशा खोलीत स्पीकरवर ऐकून जो माणूस इक्वलायझर फिरवतो, तो गिटार दुरुस्त करत नसून आपल्या भिंती दुरुस्त करत असतो, आणि त्या भिंती ऐकणाऱ्याच्या घरी नसतात.

म्हणून घरच्या कामासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. थेट, स्वच्छ संकेत मुद्रित करावा आणि अँपची भूमिका संगणकातल्या अँपच्या प्रतिकृतीकडे किंवा अँपसारखा आवाज देणाऱ्या सॅन्सअँपसारख्या पेडलकडे सोपवावी. स्वच्छ मुद्रण हाताशी असले की अँप उद्याही बदलता येतो.

तरीही कोणाला अँपसमोर माईक ठेवायचाच असेल, तर थेट संकेतही सोबत घ्यावा आणि दोघांच्या वेळेतला फरक मोडावा. स्पीकरपासून माईक ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाजाला तिथवर पोचायला ०.८७ मिलिसेकंद लागतात, वायरीतला संकेत मात्र तत्क्षणी पोचतो. इतक्याशा उशिराने सुमारे ५७५ हर्ट्झपाशी एकाची लाट वर जात असताना दुसऱ्याची खाली जाते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. बासचे गुरगुरणे याच्याच आसपास असते. मुद्रणानंतर माईकचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीकडे ओढावा, ४८ हजारांच्या नमुनादराला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे) हे साधारण ४२ नमुने होतात, आणि मग कानाने एकेक नमुना मागेपुढे करून जिथे आवाज सर्वांत भरीव लागेल तिथे थांबावे.

कॉम्प्रेसर, म्हणजे बटणावरचा हात

कॉम्प्रेसरची लोकांना उगीच भीती वाटते. आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला एक सावध माणूस डोळ्यांसमोर आणावा. आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो बटण खाली करतो, परत आला की सोडतो. त्याला चार गोष्टी सांगायच्या असतात. मर्यादा कोणती, ती ओलांडल्यावर किती कठोर व्हायचे, किती लवकर हात चालवायचा आणि किती वेळाने सोडायचा. कठोरता ४ला १ असेल तर मर्यादेवर आठ डेसिबल उसळलेला सूर दोनच डेसिबल वर राहतो.

खरी गोम पुढच्या दोन सूचनांत आहे. हात फार लवकर चालला, म्हणजे एक-दोन मिलिसेकंदांत, तर बोटाचा आघातच दाबला जातो आणि आपण जपत आणलेले वरचे स्वर तिथेच चिरडतात. वीस ते तीस मिलिसेकंद उशीर केला की आघात निसटून पुढे जातो आणि मागचा लांबलेला सूर तेवढा आवरला जातो. सोडण्याच्या बाबतीत बासची एक खास अडचण आहे: ४१ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. बटणावरचा माणूस याहून चपळपणे हात सोडू-धरू लागला, तर तो सुरांच्या चढउताराऐवजी एकेका लाटेचा चढउतार आवरू लागतो आणि आवाज किरकिरा होतो. शंभर ते दोनशे मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी, गाण्याच्या लयीप्रमाणे हलवावे, आणि चार ते सहा डेसिबलहून जास्त आवर घालावा लागत असेल तर ते काम दोन कॉम्प्रेसरांत वाटून द्यावे. त्याहून बरे म्हणजे ती ओळ पुन्हा वाजवावी. भाच्याने तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा कॉम्प्रेसरचा काटा दोनच डेसिबल हलत होता.

जवारी

तळ स्थिर झाला. आता मोबाइलवर ऐकू येण्याची सोय. व्हॉल्व्ह, टेप किंवा त्यांची संगणकातली प्रतिकृती यांच्यावर जरा जास्त भार टाकला की लाटेचे शेंडे चेपले जातात आणि चेपलेल्या लाटेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे नवे स्वर उगवतात. याला सॅच्युरेशन म्हणतात आणि वाढवत नेल्यास तेच डिस्टॉर्शन होते. जवारीत हे काम घोडीवर घासणारी तार करते, इथे भाराखाली दमलेले यंत्र करते. फळ एकाच जातीचे आहे, खर्ज न वाढवता तो अधिक ऐकू येऊ लागतो.

पूर्ण आवाजावर डिस्टॉर्शन लावले की तळ मात्र पोकळ होतो. यावर नामी उपाय असा की बासचा ट्रॅक दोनदा घ्यावा. एकातून सुमारे दोनशे हर्ट्झच्या वरचे सगळे काढून टाकावे, तो स्वच्छ ठेवावा आणि चांगला आवळावा. दुसऱ्यातून दोनशेच्या खालचे काढावे आणि त्याला मनसोक्त खरखरीत करावे. मग खरखरीत ट्रॅक पूर्ण खाली नेऊन, सगळे गाणे चालू ठेवून, हळूहळू वर आणावा. एका टप्प्यावर 'खरखर आली' असे न वाटता 'बास पुढे आली' असे वाटते. तिथे थांबावे. तोच ट्रॅक एकटा ऐकला तर कळकट लागेल, लागू द्यावा. प्लगइनांमुळे दोन ट्रॅकांत वेळेचा फरक पडला असेल तर मघाचाच खाऊन टाकण्याचा प्रकार पुन्हा होतो, तेवढे तपासावे.

एकाचे अनेक आवाज भासवणाऱ्या कोरससारखे इफेक्ट लावायचे असतील तर तेही याच वरच्या ट्रॅकवर लावावेत, म्हणजे तळ डगमगत नाही. रिव्हर्बची, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याची, बासला सहसा गरज नसते.

ढोलकीला जागा

इक्वलायझरबद्दल आकडे सगळीकडे मिळतात. तीस हर्ट्झच्या खालचे काढून टाकावे, दोनशे ते तीनशेच्या मध्ये चिखल साचला असेल तर दोन-तीन डेसिबल उपसावा, सातशे ते हजार हर्ट्झमध्ये गुरगुर मिळते, आणि बोटांचा, पडद्यांचा स्पर्श दोन हजारांच्या वर असतो. मात्र हे आकडे बहुतेक ड्रम किटचे गाणे गृहीत धरून सांगितलेले असतात. आपल्याकडच्या गाण्यात ढोलकीची धुम (तिची खर्जाची बाजू) असते, तबल्याचा डग्गा असतो, आणि त्यांचा स्वभाव पायाने वाजवायच्या किक ड्रमपेक्षा वेगळा आहे. किक एकदा ठणकून संपते. डग्ग्यावर मनगट सरकले की सूर घसरत, वळत जातो आणि बासच्याच मुलखात हिंडून येतो. एकाच जागी कायमचा खड्डा पाडून तो बसत नाही.

अशा वेळी मी आधी डग्गा किंवा धुम ऐकतो, ती कुठे घुमते ते शोधतो, आणि त्या पट्ट्यात बासला एखाद-दोन डेसिबल मागे घेतो. उरलेली तडजोड वादनात करतो. लग्गी (ठेक्यातले जलद, भरीव वादन) चालू असताना बासने लांब सूर धरून ठेवावेत आणि ठेका साधा असताना हालचाल करावी. ढोलकीचा आघात झाला की बास क्षणभर दबेल अशी कॉम्प्रेसरची जोडणीही करता येते. किकच्या गाण्यात ती छान चालते. घसरत्या डग्ग्यावर लावली तर बास दम लागल्यासारखी धापा टाकते.

ऐकून पाहणे

१९३३मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात आपले कान खर्जाकडे कानाडोळा करतात आणि आवाज वाढवला की तोच खर्ज अंगावर येतो. रात्री मोठ्याने ऐकून बसवलेली बास सकाळी हळू आवाजात पातळ वाटते ती यामुळे. निर्णय बहुतेक वेळ बोलण्याच्या पातळीवर ऐकून घ्यावेत, अधूनमधून दोन्ही बाजू एकत्र करून मोनोमध्ये ऐकावे, आणि हेडफोनला तळाची साक्ष विचारावी, कारण त्याला भिंती नसतात.

माझी शेवटची चाचणी अशी असते. गाणे मोबाइलवर लावून तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा, मागे मिक्सर नाहीतर कुकर चालू असावा, आणि आवाज हळूहळू कमी करत जायचा. गायकाचा आवाज सर्वांत शेवटी बुडाला पाहिजे. बास आणि ढोलकी त्याच्या आधी, पण साधारण एकदमच बुडाल्या पाहिजेत. बास आधी बुडाली तर खरखरीत ट्रॅक एक डेसिबल वर, ढोलकी आधी बुडाली तर एक डेसिबल खाली. भाच्याच्या गाण्याला त्या दिवशी तीन शिट्ट्या लागल्या.